'किरकोळ' कुणासाठी?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतला एंडोमेट्रिओसिसवरचा लेख वाचला. वाचला म्हणजे चष्मा शोधून, चहा बाजूला ठेवून वाचला आणि मग कात्रीने कापून ठेवला. या दुखण्याचं नाव मराठी वर्तमानपत्रात एवढ्या मोठ्या टायपात बघायला मला एकसष्टावं वर्ष उजाडावं लागलं. लेख चांगला आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बीजकोशावर, नळ्यांवर, आतड्यांवर, मूत्राशयावर उगवतो, दर पाळीला तोही सुजतो नि झिरपतो, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते, हे त्यात सोप्या भाषेत सांगितलंय. पाळीच्या वयातल्या दर दहाजणींत साधारण एकीला हे असतं, जगात सुमारे १९ कोटी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाजही दिलाय. माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे. हार्मोनच्या उपचारांविषयी लिहिताना 'किरकोळ दुष्परिणाम' असे दोन शब्द आलेत आणि लेख पुढे गेलाय. मी मात्र तिथेच अडकले, ती आठवडाभर.

किरकोळ हा शब्द वाण्याच्या दुकानातला. ज्याच्या वखारीत शंभर पोती आहेत, त्याची पावशेर सांडली तर ती किरकोळ. जिच्या डब्यात पावशेरच आहे तिचं काय?

मी मिरजेला राहते, गाणं शिकवते. सध्या घरी चौदा मुलं-मुली येतात, संध्याकाळी दोन तुकड्यांत. शिकवताना मी स्वतः कमी गाते, पेटीवर जास्त दाखवते. नवीन पालकांना वाटतं बाईंची ती पद्धत आहे. ती पद्धत नाही.

१९९४ च्या जानेवारीत पुण्याला माझी दुर्बिणीतून तपासणी झाली. तोवर मला हे दुखणं सोळा वर्षं ओळखीचं झालं होतं. चौदाव्या वर्षापासून महिन्यातले दोन दिवस मी भिंतीला पाय लावून पडलेली असायची आणि आई म्हणायची, "बायकांच्या जातीला हे असतंच." लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, "एक मूल झालं की सगळं मोकळं होतं." मूल झालं नाही. त्याबद्दल हे पत्र नाही. पण मूल हा या आजारावरचा इलाज नव्हे आणि औषध म्हणून कुणाला गरोदर राहायला सांगू नये, असं आता डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेलं आहे, हे सासूबाई असत्या तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

तपासणीनंतर डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या. डॅनाझॉल, २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सहा महिने. "वजन जरा वाढेल, तोंडावर एखाददुसरी पुटकुळी येईल," एवढंच बोलणं झालं. मी काय काम करते हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पोटाच्या डॉक्टरला गळ्याचं काय सांगायचं?

खरं ते सांगते, कळा थांबल्या. दुसऱ्या महिन्यातच पाळी बंद झाली. मी पहिल्यांदा कॅलेंडर न बघता लग्नाची आमंत्रणं स्वीकारली. वजन नऊ किलोंनी वाढलं, हनुवटीवर राठ केस आले, ब्लाउजची मापं बदलली. हे सगळं मी हसत सोसत होते, कारण सोळा वर्षांनी पोट शांत होतं.

तेव्हा मी अलंकार परीक्षेची तयारी करत होते. पहाटे साडेपाचला तंबोरा घेऊन बसायची. माझी पट्टी काळी पाच. मे महिन्यात एका पहाटे तार सप्तकातल्या गंधाराला गेले आणि आवाज फाटला. चिरकला म्हणावं तसा नव्हे, कापडाची किनार उसवते तसा. आतून हे म्हणाले, "सर्दी झालीय का गं?" मला तेच वाटलं. मग मिठाच्या गुळण्या, हळद घातलेलं दूध, ज्येष्ठमधाची कांडी दाढेत. आईसक्रीम बंद, दही बंद. दीड-दोन महिने मी एका गालात ज्येष्ठमध चघळत होते आणि दिवसातून तीनदा तीच कॅप्सूल गिळत होते. पोट बरं होत होतं, म्हणून एकही चुकवली नाही.

डॅनाझॉल हे पुरुषी हार्मोनच्या कुळातलं, प्रयोगशाळेत तयार केलेलं औषध. अमेरिकेत १९७६ साली त्याला या आजारासाठी मंजुरी मिळाली आणि पुढे बरीच वर्षं ते जगभर दिलं गेलं. त्याने स्वरतंतू जाड होऊ शकतात. आवाज घोगरा व्हायला लागला की औषध थांबवायचं असतं, आणि थांबवल्यावरही आवाज मूळपदावर येईलच याची खात्री नसते, हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. मला ते कळलं त्या गोष्टीला नऊ वर्षं उलटून गेल्यावर, एका विद्यार्थिनीच्या वडिलांकडून. ते औषधांचे घाऊक व्यापारी.

सहा महिने संपले. केस थांबले, वाढलेलं वजन निम्मं उतरलं. आवाज परत आला नाही. दिवाळीनंतर मी तंबोरा उचलला आणि सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. तिथल्या आजोबांना म्हटलं, तारा जाड घाला, पट्टी उतरवून काळी तीनवर लावायचाय. त्यांनी घोडीवर बोट फिरवलं, जवारी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. हा तंबोरा त्यांनीच बांधलेला, माझ्या लग्नाआधी. "दुसरं कोण गाणार आहे यावर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, दुसरीच आहे."

लोकांनी गंगूबाई हनगल यांचं नाव घेऊन समजूत घातली. बघ, त्यांचाही आवाज पुढे जड झाला आणि त्यातूनच केवढं गाणं उभं राहिलं. खरंच आहे. पण त्या गंगूबाई होत्या आणि मी अलंकारच्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, मी बसले नाही.

आता आपले वाचक म्हणतील, बाई, हे तीस वर्षांपूर्वीचं. बरोबर आहे. डॅनाझॉल आज मागे पडलंय, ते याच दुष्परिणामांमुळे. म्हणून दुसरी गोष्ट सांगते, ती आत्ताची आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय एकोणतीस. तिचंही दुखणं शाळेपासूनचं. एकोणिसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी तिला पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या, दोन हार्मोन एकत्र असलेल्या. बहीण त्या आणायला गेली तर दुकानातला मुलगा सहज बोलून गेला, "ही माला-डीसारखीच असते." बहिणीने घरी येऊन पाकीट कपाटावर टाकलं. लग्न न झालेल्या मुलीच्या पर्समध्ये कुटुंब नियोजनाची गोळी! वास्तविक या आजारात बहुधा पहिल्यांदा हीच गोळी देतात, आणि अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास नाही ना एवढं विचारून दिली तर ती बऱ्याच जणींना चालते. ते कुणी बहिणीला सांगितलं नाही, आणि बहिणीने मला विचारलं नाही. मुलगी आणखी आठ वर्षं कण्हत राहिली. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत डाव्या बीजकोशावर पाच सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली. नाव गोड आहे; आत साचून जुनं झालेलं, विटकरी-काळं रक्त असतं.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. नंतर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं, ल्युप्रोलाइड, ३.७५ मिलिग्रॅम. बहिणीने खोक्यावरचं नाव मोबाइलमध्ये घातलं आणि रात्री अकराला मला फोन. रडत होती. "ताई, हे कॅन्सरचं इंजेक्शन आहे. माझ्यापासून काय लपवताय तुम्ही?" प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पुरुषांना हेच औषध देतात, हे खरं. कारण दोन्हीकडे काम एकच आहे: मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून खाली जाणारा हुकूम बंद पाडायचा. पुरुषात वृषणं थंडावतात, बाईत बीजकोश. इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन खाली येतं आणि तो चुकीच्या जागी उगवलेला थर उपाशी पडतो. दोन वाक्यं आहेत ही. डॉक्टरांच्या खोलीत सांगायला एक मिनिट लागलं असतं. आणखी एक वाक्य राहिलं होतं: हे इंजेक्शन बंद पाडण्याआधी पहिले आठ-पंधरा दिवस त्या ग्रंथीला उलट डिवचतं, तेव्हा दुखणं वाढू शकतं. पोरीला नेमकं तसंच झालं. तिला वाटलं ऑपरेशन फसलं.

दुसऱ्या इंजेक्शननंतर अंगातून गरम वाफा सुरू झाल्या. मे महिना, सांगलीचा. बहिणीचं वय तेव्हा एक्कावन्न, तिची पाळी जायला आलेली. म्हणजे एका घरात आई आणि मुलगी, दोघींना एकाच वेळी रजोनिवृत्ती. एकीची आपसूक आलेली, एकीची इंजेक्शनने आणलेली. मी चार दिवस राहायला गेले होते. रात्री हॉलमध्ये तिघी झोपलेल्या, मधे मान हलवणारा टेबल फॅन. बहीण उठायची, मागची खुंटी दाबून पंखा स्वतःकडे रोखून धरायची. दहा मिनिटांनी भाची उठून खुंटी ओढायची. पहाटे तीनला दोघी उठून बसल्या आणि एकमेकींकडे बघत पदराने-टीशर्टने वारा घेत होत्या. बहीण म्हणाली, "माझं वय झालंय म्हणून, तुला काय झालंय?" आणि आम्ही तिघी इतक्या हसलो की मेहुणे दार उघडून बघायला आले. हसलो, पण सकाळी त्या मुलीच्या गुडघ्यांना जिना उतरवत नव्हता.

पतसंस्थेत काउंटरवर तिला दिवसातून सात-आठ वेळा वाफ यायची. छातीतून निघायची, मानेवरून कानापर्यंत. नोटा मोजायला बोटं ओली करायचा स्पंज असतो, ती म्हणायची, त्याची गरजच उरली नाही. झोप नाही, डोकं जड, आणि दोन वेळा हिशोबात पाचशे-पाचशे कमी आले. ते तिने पदरचे भरले. आता सांगा, कॅशियरच्या दृष्टीने हा दुष्परिणाम किरकोळ की घाऊक?

हाडांचंही एक आहे. इस्ट्रोजेन एवढं खाली ठेवलं की हाडं विरळ होऊ लागतात. म्हणून ही इंजेक्शनं नुसती दिली तर साधारण सहा महिन्यांपुढे नेत नाहीत, आणि लांबवायची असली तर सोबत थोड्या मात्रेत दुसरे हार्मोन परत देतात, म्हणजे वाफाही कमी होतात आणि हाडंही सांभाळली जातात. अशी सोय असते हे आम्हाला तिसरं इंजेक्शन टोचून झाल्यावर कळलं.

इंजेक्शनं संपली, गोळी सुरू झाली. डायनोजेस्ट, २ मिलिग्रॅम, रोज एक, ठरल्या वेळी, मधे खंड नाही. ही प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी. आज आपल्याकडे या आजारात सर्रास देतात आणि तिचा गुणही येतो. भाचीच्या कळा गेल्या, हे आधी लिहिते, नाहीतर वाचणारी एखादी आजच गोळी फेकून देईल. मात्र गोळी आजार दाबून ठेवते, मुळासकट काढत नाही. सोडली तर दुखणं परत येऊ शकतं, म्हणून ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. आणि जी गोष्ट वर्षानुवर्षं अंगात राहणार, तिच्या बारीकसारीक खोड्या आधी माहीत नकोत का? आपण भाडेकरू ठेवतानासुद्धा चार घरी चौकशी करतो.

पहिली खोड म्हणजे डाग. या गोळीने पाळी थांबते, पण सुरुवातीचे काही महिने थोडं थोडं अंगावर जात राहू शकतं. भाचीला सलग सत्तेचाळीस दिवस डाग पडत होते. नेमके श्रावण-भाद्रपद. आता डॉक्टरांच्या पुस्तकात याला अनियमित रक्तस्राव म्हणतात आणि त्यात धोका नसतो. बहिणीच्या सासरी मात्र गौरी बसतात, दीडशे वर्षांच्या मुखवट्यांच्या, आणि तिथे प्रश्न असा पडला की ही मुलगी 'बाहेरची' की 'घरातली'? तिच्या आजीने दर सकाळी विचारायचं, "आज?" आणि हिने मान हलवायची. सत्तेचाळीस दिवस! कावळा शिवतो तो चार दिवस, याचं मोजमाप आजीकडे आहे, सत्तेचाळीसचं नाही. गौरी जेवल्या त्या दिवशी ही मागच्या खोलीत पुरणपोळीचं ताट मांडीवर घेऊन एकटी बसली होती. मी स्वतः हे मानत नाही, पण हे घराघरात आहे, आणि औषध घराघरात जातं. कुठल्याही माहितीपत्रकात हा दुष्परिणाम छापलेला नाही. मराठीत लिहिलं असतं तर कदाचित सुचला असता.

गौरींवरून आठवलं. पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे गणपतीत, लग्नात, वारीला जाताना पेपरमिंटसारखी खाल्ली जाते. शेजारणीकडून उसनी घेतात. तिचं नाव नॉरएथिस्टेरॉन, आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही ती वापरतात. म्हणजे हार्मोनची गोळी आपल्या बायकांना परकी नाही. देवासाठी घेताना कुणी भीत नाही, दुखण्यासाठी घ्यायची म्हटली की 'हार्मोन नको बाई' म्हणतात. हे माझं जाता जाता.

दुसरी खोड मला जास्त भयंकर वाटते. ऑक्टोबरपासून भाची गप्प झाली. रविवारी माझ्याकडे यायची, विद्यार्थ्यांच्या गाण्यात टाळ धरून बसायची, तेही सोडलं. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर कोथिंबीर निवडता निवडता ही रडत होती. जुडी निम्मी निवडलेली, पानं-देठ एकत्र झालेले. "काय झालं गं?" "काही नाही मावशी. खरंच काही नाही. तेच कळत नाही ना." घरात त्याचा अर्थ निराळा लावला गेला. दोन स्थळांकडून नकार आला होता, त्याचं दुःख असेल. कुणी म्हणालं, कामाचा ताण. तिला स्वतःला वाटत होतं, आपला स्वभावच असा आहे, आत्तापर्यंत झाकलेला होता.

औषधाच्या दुकानात आपल्याला गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देतात. आत घडी घालून ठेवलेला कागद असतो तो खोक्यात राहतो आणि खोकं दुकानात. त्या महिन्यात दुकानात गर्दी होती, दुकानदाराने अख्खं खोकंच दिलं. मी तो कागद उलगडला. अंगरख्याएवढा, आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढं. भिंग घेऊन बसले. इंग्रजी. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, म्हणून भाचीला वाचायला लावलं. ती वाचत गेली: डोकेदुखी, स्तन दुखणं, पुरळ, केस गळणं... आणि मग थांबली. मन उदास होणं. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर अशा रुग्णाकडे नीट लक्ष ठेवावं. युरोपातल्या माहितीपत्रकात या गोळीच्या चाचण्यांचा आकडा दिलेला आहे, साधारण शंभरातल्या पाचजणींना उदासी जाणवली. म्हणजे पंचाण्णव जणींना नाही जाणवली, हेही खरं. पण आमची मुलगी त्या पाचातली होती आणि तीन महिने ती स्वतःलाच दोष देत बसली होती. कागद वाचून तिने खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे ही मी नाहीये." हे वाक्य मी विसरणार नाही. तिला बरं वाटायला सुरुवात झाली ती त्या वाक्यापासून, गोळी बदलण्याच्या आधी.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, "काम काय करतेस?" दुसरा, "लग्नाचं, मुलाचं काही ठरतंय का एवढ्यात?" कारण ही औषधं चालू असताना बीज सुटणं थांबतं, मूल हवं असेल तर गणितच वेगळं. मग एक वही घालायला सांगितली: डाग, दुखणं, झोप, मन, रोज शून्य ते दहा. गोळी डॉक्टरांनी स्वतः बंद केली, आपल्या मनाने बंद करू नका हे दोनदा बजावून. महिनाभराने गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन बसवलं. आमच्याकडे त्यालाही तांबीच म्हणतात, जरी त्यात तांबं नसतं. लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, ते बहुतांशी तिथल्या तिथे काम करतं आणि रक्तात कमी उतरतं. "हिचेही तीन ते सहा महिने डाग पडतील," असं बाईंनी आधीच सांगितलं. पडले. पण सांगून पडलेले डाग आणि न सांगता पडलेले डाग यात फार फरक असतो, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते. यंदा आजीने "आज?" विचारलं तेव्हा भाची म्हणाली, "आजी, ती औषधाची गळती आहे, पाळी नव्हे. डॉक्टरांनी सांगितलंय." आणि स्वतः गौरींना वाती करून दिल्या. आजी काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर आमच्याकडे देवही ऐकतो.

हे साधन सगळ्यांना मानवेल असं नाही. गोळी मानवणाऱ्याही पुष्कळ आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीची आई तीन वर्षं डायनोजेस्टवर आहे आणि तिला एक पुटकुळीसुद्धा आली नाही. औषधं वाईट आहेत असं मला म्हणायचंच नाही. माझ्या वेळी दुसरं फारसं काही नव्हतं, आता चार वाटा आहेत. नव्या गोळ्याही आल्यात; अमेरिकेत २०१८ साली एलागोलिक्स आली, जी इंजेक्शनचंच काम तोंडावाटे करते आणि सुरुवातीचं ते डिवचणं टाळते, पण वाफा आणि हाडांचा प्रश्न तिच्याही पाठीशी आहेच. चार वाटा असल्या की निवडावं लागतं, आणि निवडायचं तर प्रत्येक वाटेवर काटे कुठे आहेत ते चालणारीला आधी कळायला हवं. गायिकेला आवाज, कॅशियरला डोकं, शिवणकाम करणारीला बोटांचे सांधे, रात्रपाळीच्या नर्सला झोप. माझा नऊ किलोंचा लठ्ठपणा माझ्यासाठी खरोखरच किरकोळ होता. नाटकात काम करणारीला तो नसता.

आणखी एक गोष्ट, जी मला परवापर्यंत ठाऊक नव्हती. औषधाचा त्रास झाला तर तो सरकार दरबारी नोंदवता येतो. २०१० पासून केंद्र सरकारचा त्यासाठी कार्यक्रम चालू आहे, आता तो गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग चालवतो. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टरनेच कळवायला हवं असं नाही, रुग्णही कळवू शकतो, आणि त्यासाठीचा फॉर्म मराठीतही आहे. भाचीने भरून पाठवला. माझ्या डॅनाझॉलचा भरायला आता उशीर झालाय.

आपल्याकडे मागणं आहे ते एवढंच. यापुढे असा लेख छापाल तेव्हा लेखकांना सांगा, औषधाचं नाव लिहा, त्रास काय होऊ शकतो ते नावानिशी लिहा, तो किती दिवस टिकतो, कुठला त्रास दिसला की लगेच डॉक्टरकडे जायचं, कुठला सोसला तर चालतो. लहान की मोठा ते वाचणारी ठरवेल. डॉक्टर मंडळीही आपला पेपर वाचतात. त्यांच्याकडे वेळ नसतो, हे मान्य. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. म्हणून त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या मदतीने मी आणि भाचीने एक पान तयार केलंय. एका बाजूला गोळ्या, दुसऱ्या बाजूला इंजेक्शन आणि तांबी. अक्षर मोठं, भाषा आपली. मजकूर बाईंनी तपासून, दोन ठिकाणी मला रागावून, सही करून दिलाय. पन्नास झेरॉक्स काढल्या होत्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने काउंटरवर ठेवू दिल्या. त्या आठ दिवसांत संपल्या. त्यातल्या तीन पुरुषांनी नेल्या, असं तो सांगत होता.

एक प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,

आपली एक वाचक,
मिरज

(भाचीच्या स्थळांचं बघणं चालू असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)

ता. क. : पत्र फार लांबलं, याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं झालंच तर माझ्या गाण्याचं कापा. गोळ्यांचं कापू नका.